आयोवातला चर: दुपदरी करावा की पाणथळ?

अमेरिकेतल्या आयोवा राज्याचा उत्तर-मध्य भाग मुळात दलदलीचा. सांगली-कोल्हापूरच्या क्षारपड जमिनीत घालतात तसेच सच्छिद्र पाइप जमिनीखाली टाकून तो मक्याखाली आणला. आता त्याच पाइपांतून खता-मातीतलं नायट्रेट (नायट्रोजनचं पाण्यात विरघळणारं रूप) शेताकडेच्या उघड्या चरात येतं, चरातून नदीत. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट-नायट्रोजनची (म्हणजे नायट्रेटमधल्या नायट्रोजनची) मर्यादा लिटरमागे 10 मिलिग्रॅम; तिथल्या डे मॉइन शहराला ते काढायला 1990च्या दशकात वेगळं संयंत्र उभारावं लागलं. ते नदीआधीच अडवायचं तर चर दुपदरी करावा, की त्याच्या वाटेवर पाणथळ करावी?

दुपदरी चरात मधला प्रवाह तसाच ठेवून दोन्ही काठ कापतात, गवताळ पायऱ्या करतात. जमीन थोडीच जाते, काठ ढासळत नाहीत, गाळ बसतो. शेतकऱ्याला हे पटतं. पण मोठ्या पावसात पाणी पायऱ्यांवरून झरझर निघून जातं आणि नायट्रेट फारसं घटत नाही.

पाणथळीत पाणी थांबतं, आणि सगळी किमया त्या थांबण्यातच आहे. प्राणवायू नसलेल्या चिखलात, कुजक्या पानांवर जगणारे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात. पाणलोटाच्या 0.5 ते 2 टक्के जागेत नीट बेतलेली पाणथळ येणाऱ्या नायट्रेटपैकी 40 टक्क्यांहून जास्त काढू शकते. वसंतात मात्र पाणी भरपूर आणि थंड, जिवाणू सुस्त. शिवाय वर्षानुवर्षं खत खाल्लेली माती बुडवली की तिच्यातून फॉस्फरस सुटू शकतो. ती आधी तपासलेली बरी.

प्रश्न नायट्रेटचाच असेल तर माझं मत पाणथळीला. जागाच मिळत नसेल, किंवा वरच्या शेतांचा निचरा तुंबणार असेल, तर दुपदरी चर.