आठ महिन्यांचा अनुभव: शेअर जागेवर, ब्रोकरवरचा विश्वास मात्र गेला

ब्रोकरेज चार पैसे जास्त गेलं तरी चालेल, पण फोन उचलायला माणूस हवा, म्हणून शाखा असलेल्या ब्रोकरकडे खातं काढलं. तक्रार चालू आहे, त्यामुळे नाव लिहीत नाही. ॲप ठीक आहे. खातं काढण्याआधी एनएसई या शेअर बाजाराच्या (एक्स्चेंजच्या) साइटवर ब्रोकरनिहाय तक्रारींचे आकडे पाहिले होते. सक्रिय ग्राहकांच्या मानाने तक्रारी कमी, म्हणून निश्चिंत होतो.

खरं बोलायचंय ते एक्स्चेंजच्या एसएमएसबद्दल. ब्रोकरने तुमच्या नावावर किती फंड आणि किती सिक्युरिटीज दाखवल्यात, हे एनएसई परस्पर कळवते. पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा सिक्युरिटीजपुढे शून्य! पोटात गोळा आला. डीमॅट खाती सांभाळणाऱ्या सीडीएसएलच्या 'ईझी' या सेवेवर लॉगिन केलं तर सगळे शेअर जागच्या जागी. मग कळलं, तो आकडा ब्रोकरच्या हातातल्या शेअरांचा असतो, आपल्या डीमॅटमधल्या नव्हे. म्हणजे शून्यच हवा. कार्वी या ब्रोकरने ग्राहकांचे शेअर मुखत्यारपत्राच्या जोरावर वळवून गहाण टाकले आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये सेबी या बाजार नियामकाने नवे ग्राहक घ्यायला बंदी घातली, हे आठवलं की त्या शून्याचं मोल कळतं.

तोपर्यंत मी हा ब्रोकर चारचौघांना सुचवत होतो.

सहाव्या महिन्यात एसएमएसमधला फंडाचा आकडा माझ्या वहीपेक्षा २,३१४ रुपयांनी कमी आला. शाखेत ऑर्डर टाकणारा डीलर म्हणाला, "चार्जेस असतील सर, लेजर (खात्याचा हिशेब) बघा." लेजरमध्ये तीन इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकलेले) सौदे होते, मी न सांगितलेले. कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे सौद्यांची पावती? "ईमेलवर गेली की." माझ्याकडे एकही नव्हती. केवायसीची प्रत मागवली, तर माझ्या नावाखाली शाखेचाच ईमेल आयडी. खातं काढताना "तुम्ही फक्त सह्या करा, बाकी आम्ही भरतो" म्हणाले होते, आणि मी केल्या. मोबाईल नंबर माझा होता म्हणून एवढं तरी कळलं. सौद्यांचे एसएमएसही आले होते, जाहिरातींच्या गर्दीत मी ते उघडले नाहीत.

तेव्हा त्या तक्रारींच्या आकड्यांचा अर्थ लागला. ज्याला नोटच मिळत नाही, तो तक्रार कशाची करणार?

रक्कम लहान आहे, मान्य. पण ब्रोकरेजसाठी माझ्या पैशांवर परस्पर सौदे मारणं ही चोरीच. शाखेतून फोन आला, "ॲडजस्ट करून देतो, लेखी नको." मी लेखीच दिलं आणि ऑर्डरचा पुरावा मागितला. सेबीच्या मार्च २०१८ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने ऑर्डर दिल्याचा पुरावा, म्हणजे फोनचं रेकॉर्डिंग, ईमेल किंवा सही, ब्रोकरने ठेवायचा असतो. वाद झाला तर सिद्धही त्यानेच करायचं. रेकॉर्डिंग आजवर मिळालेलं नाही. ब्रोकरेज परत आलं, सौद्यांतला तोटा नाही. म्हणून सेबीच्या तक्रार पोर्टलवर, स्कोर्सवर, गेलो.

घरातल्या वडीलधाऱ्यांचं खातं कुणी 'भरून दिलेलं' असेल तर आजच त्यातला मोबाईल आणि ईमेल बघा. पासवर्ड नंतर.

मी खातं बंद करतोय. बंद करताना शेअर आपल्याच दुसऱ्या डीमॅटमध्ये न्यायला शुल्क नसतं, तरी शाखेने आधी मागितलंच. नव्या खात्याच्या क्लायंट मास्टरची, म्हणजे खात्यातल्या माझ्या नोंदींची, प्रत परवा आली. होल्डिंगचं नंतर, आधी ईमेलची ओळ वाचली, अक्षर न् अक्षर.