आयटी बँडच्या दुखण्यात सात महिने वापरलेले ट्रेकिंग पोल : माझा अनुभव आणि रिव्ह्यू

धावणाऱ्या लोकांना पोल, म्हणजे डोंगरात हातात धरून चालायच्या काठ्या, हे ट्रेकवाल्यांचं सामान वाटतं, मलाही तसंच वाटायचं. पण माझ्या गुडघ्याने ते घ्यायला लावले आणि आज कुणी विचारलं की दुखापतीच्या काळात सगळ्यात कामाची वस्तू कुठली, तर बेल्ट नाही, टेप नाही, मी पोलचंच नाव घेईन. फक्त कसले पोल आणि कशासाठी ते नीट सांगायला पाहिजे, म्हणून एवढं लांबण लावतेय.

आधी दुखण्याचं सांगते. फुल मॅरेथॉनची तयारी चालू होती आणि डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं. त्याची तऱ्हा अशी, की पहिले पाच किलोमीटर काही म्हणजे काहीच नाही, आणि सहावा संपत आला की बाहेरून कुणी सुरी टोचतंय असं वाटायचं, थांबलं की गायब, पुन्हा पळायला घेतलं की शेदोनशे मीटरवर परत हजर. सपाट चालताना त्रास नाही, जिना चढताना नाही, उतरताना मात्र हमखास. मी महिनाभर ते अंगावर काढलं, रोज फोम रोलरवर मांडीची बाहेरची बाजू इतकी रगडली की काळीनिळी पडली, आणि शेवटी फिजिओकडे गेले.

त्यांनी पहिल्यांदा काय केलं तर तो रोलर बंद करायला लावला. आयटी बँड म्हणजे कमरेच्या हाडापासून मांडीच्या बाहेरून खाली नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकापर्यंत गेलेला जाड पट्टा, तो स्नायूसारखा ताणून लांब होत नाही. गुडघा साधारण 30 अंशात वाकलेला असतो तेव्हा हा पट्टा गुडघ्याच्या बाहेरच्या हाडावर दाबला जातो आणि खालचा नाजूक भाग चेपतो, दुखतं ते तिथे, आणि उतारावर पाऊल टाकताना गुडघा त्याच कोनाच्या आसपास जास्त रेंगाळतो. 'आता रोलरने वरून आणखी दाबून काय मिळणार?' असं त्या म्हणाल्या आणि मला एकदम पटलं.

मग त्यांनी सांगितलं की धावणं सध्या पूर्ण बंद. ते ऐकून डोळ्यात पाणी आलं, खरं सांगते. पहाटे पाचला जाग तर यायचीच, उठून करायचं काय. ग्रुपवर सगळे आपापला लाँग रन टाकायचे, ते बघवेना म्हणून मी ग्रुप म्यूट करून ठेवला होता. मी विचारलं निदान डोंगरावर तरी जाऊ का, तर त्या म्हणाल्या, 'चढा हवं तितकं, चढाला तुमचा गुडघा कुरकुर करत नाहीये, पण उतरताना भार हातांवर घ्या, दोन्ही हातात पोल असल्याशिवाय उतरायचं नाही.' एवढ्यावरून ही खरेदी झाली.

पहिली जोडी मी चुकीची घेतली. कंपनीचं नाव घेत नाही. पिळून घट्ट करायचं लॉक होतं, म्हणजे एका नळीत दुसरी नळी घालायची आणि फिरवून आवळायची, आत प्लास्टिकचं बोंड फुगतं आणि पकड बसते. घरात जोर लावून बघितलं तेव्हा ठीक होतं. दुसऱ्याच रविवारी उतरताना घसारा लागला, सुटी खडी आणि खाली कोरडी माती, मी डावा पोल पुढे रोवला, अंग पुढे टाकलं, आणि खालची नळी सरसर वरच्या नळीत गेली. पडले नाही, पण सगळं वजन धाडकन डाव्या गुडघ्यावर आलं आणि नेमकी तीच कळ, डोक्यापर्यंत. तिथून खाली यायला दोन तास लागले, बऱ्याच ठिकाणी बसून घसरत. तक्रार केली तर उत्तर आलं की तुम्ही नीट आवळलं नसेल. आवळलं होतं, पण धूळ आणि घामाच्या हाताचं पाणी आत गेलं की त्या लॉकची पकड सुटते हे मला नंतर जुन्या ट्रेकर लोकांकडून कळलं. तेव्हा पहिली गोष्ट हीच, गुडघा दुखतोय म्हणून पोल घेत असाल तर पिळायचं लॉक घेऊ नका, बाहेरून पट्टी दाबून बंद होणारं फ्लिप लॉकच घ्या. पोलने दगा दिला तर तो बरोबर उतारावर देतो, आणि आपण तो घेतलेला असतो उतारासाठीच.

दुसरी जोडी जी आता सात महिने वापरतेय ती अशी : तीन नळ्यांची, ॲल्युमिनियमची, फ्लिप लॉकची, मुठीला कॉर्क आणि मुठीखाली हातभर फोम. जोडीचं वजन अर्धा किलोच्या आसपास. कार्बनची जोडी हलकी असते आणि हातात घेतली की मोह होतो, पण कार्बन दगडाच्या फटीत अडकून आडवा जोर आला की एकदम तुटतो, ॲल्युमिनियम आधी वाकतं. माझा उजवा पोल एकदा दोन कातळांच्या मधे अडकून वाकला, थोडा बाक आहे अजून, पण त्या दिवशी मला खाली घेऊन आला. दुखऱ्या पायाने अर्ध्या उतारावर एका पोलवर राहणं परवडणारं नाही, म्हणून मी वजनापेक्षा हे बघितलं. ज्यांना शर्यतीत पळताना वापरायचेत त्यांचं गणित वेगळं, ते घडीचे कार्बनचे घेतात आणि त्यांच्यासाठी ते बरोबरच आहे.

फ्लिप लॉकला एक बारीक स्क्रू असतो, तो ढिला होत जातो. पट्टी बंद करताना अंगठ्याला थोडा जोर लागला पाहिजे, फुलासारखी बंद झाली तर समजायचं ढिली आहे. माझा नियम, उतार सुरू व्हायच्या आधी दोन्ही पोल जमिनीवर टेकवून अंगाचं वजन टाकून बघायचं, आणि मग निघायचं. स्क्रू नाण्याने आवळता येतो.

आता लांबी. सपाटीवर उभं राहून मूठ धरली की कोपर काटकोनात आलं पाहिजे, ही मूळ लांबी. चढाला पाच-सात सेंटीमीटर कमी, लांब उताराला तेवढीच जास्त. मी आधी आळस करायचे, एकाच लांबीवर सगळा डोंगर, आणि उतारावर पोल आखूड पडल्यामुळे कमरेत वाकून उतरायचे, म्हणजे वजन पुढे आणि गुडघ्यावरच. लांबी वाढवली तर अंग सरळ राहतं आणि हात खरंच भार घेतात. हा फरक पहिल्या पन्नास पावलांत कळतो.

पोलच्या मुठीला मनगटासाठी जो पट्टा असतो त्याचं तर कुणीच सांगत नाही. मी हात वरून सरळ घालून मूठ आवळून धरायचे आणि तासाभराने मनगटं भरून यायची. एका ट्रेकमधे एक काका बराच वेळ मागून बघत होते, शेवटी न राहवून म्हणाले, 'अगं ताई, हात खालून वर घाल पट्ट्यात, मग पट्टा आणि मूठ एकत्र धर.' तसं केलं की भार मनगटाच्या खालून पट्ट्यावर येतो, बोटं नुसती पोल धरायला, आवळायची गरजच नाही. मोठ्या खडकाळ उतारावर मात्र मी पट्टे काढून टाकते, कारण पडलो तर हात मोकळे पाहिजेत.

खरंच फरक पडतो का? हो, आणि हे फक्त माझं मत नाही. 1999 साली छापलेल्या एका अभ्यासात 25 अंशाच्या उतारावर पोलसह आणि पोलशिवाय चालणाऱ्यांच्या गुडघ्यावरचा जोर मोजला होता, तो पोलमुळे 12 ते 25 टक्के कमी भरला. ऐकायला हा आकडा लहान वाटेल, पण एका उताराला हजारो पावलं पडतात, आणि माझं दुखणं तर ठरावीक पावलांनंतरच जागं होणारं. पोल नसताना उताराच्या पंधराव्या मिनिटाला कळ यायची, नीट लांबी लावून दोन्ही पोल वापरल्यावर पहिल्या वेळी पाऊण तास निवांत गेला. पायथ्याला पोचले आणि गुडघा दुखत नाहीये हे कळायलाच थोडा वेळ लागला, मग ओढ्याच्या काठावर बूट काढून किती तरी वेळ बसून राहिले. चार आठवड्यांनी पहिल्यांदा अंग दमलेलं होतं आणि मन शांत होतं.

धावण्याची तहान डोंगराने भागते का, तर नाही, दुधाची तहान ताकावरच ती. पण ताक मिळालं म्हणून मी टिकले. आणि धावताना जे कधी बघितलं नव्हतं ते चालताना दिसलं, गवतावरचं कोळ्याचं जाळं दवाने भरलेलं, पावसानंतर कातळावर धरलेलं शेवाळ. त्या शेवाळावर, आणि ओढा ओलांडताना, पोल म्हणजे आणखी दोन पाय, दोन्ही पोल पाण्यात रोवून एकेक पाय हलवायचा.

तक्रारी आहेत. टोकाला चढवायचं रबराचं बूच पहिल्याच चिखलात गेलं, ती जास्तीची घेऊन ठेवा, कारण डांबरावर आणि फरशीसारख्या कातळावर उघडं धातूचं टोक खटखट वाजतं आणि सटकतंही. हाताने धरून चढायचे टप्पे आले की पोल नुसती अडचण, आधीच आखूड करून सॅकला बांधा. पहिले दोन आठवडे खांदे आणि दंडाच्या मागची बाजू चांगलीच ठणकते, हातांनी काम केलंय तर ठणकणारच. आणि सपाट पायवाटेवर मला त्यांचा काही उपयोग वाटला नाही.

पण एक गोष्ट ठासून सांगते, पोलने माझा आयटी बँड बरा नाही केला. पोलने तो बरा होईपर्यंत मला बाहेर ठेवलं. बरा केला तो कुल्ह्याच्या व्यायामांनी, कुशीवर झोपून पाय उचलणं, साइड प्लँक, पायरीवर एका पायाने उभं राहून दुसऱ्या बाजूची कंबर खाली-वर करणं, आठवड्यातून चार दिवस, कंटाळा आला तरी. मला वाटायचं माझे पाय मजबूत आहेत, पण डाव्या कुशीवरचे बारा पाय उचलताना उजवा सहज जायचा आणि उजव्या कुशीवर डावा आठव्यालाच थरथरायचा. तिथे मूळ होतं. दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं म्हणतात ते शब्दशः अनुभवलं. नवव्या आठवड्यात एक मिनिट धावणं आणि दोन मिनिटं चालणं यापासून सुरुवात झाली, तेही सपाटीवर, पावलं आधीपेक्षा आखूड आणि जलद टाकत. उतारावर धावायला मला पाचवा महिना उजाडला.

कुणी घ्यावेत : ज्यांना उतरताना गुडघ्याला त्रास होतो, चढताना नाही, आणि डोंगर सोडवत नाही. कुणी थांबावं : गुडघा सुजलाय, अडकतोय, पाय टेकवताना लचकतोय, किंवा चालतानासुद्धा दुखतंय असे सगळे, त्यांनी पोल घेण्याआधी डॉक्टरकडे जावं, कारण पोलच्या आधाराने असं दुखणं ओढत नेलं तर ते वाढेल. मी स्वतः एक महिना वाया घालवलाय म्हणून कळकळीने सांगतेय.

पाचपैकी साडेचार देते, अर्धा रबराच्या बुचांसाठी कापला. गेल्या रविवारी 14 किलोमीटरचा डोंगर केला, चढ पोलशिवाय, माथ्यावर सॅकमधून काढून लांबी वाढवली, वजन टाकून बघितलं आणि उतरले. डाव्या पोलचं धातूचं टोक झिजून गोल झालंय, उजव्याचं अजून टोकदार आहे. नवीन टोकं मागवलीत.