विंडोजची डीफ्रॅगमेंट सुविधा : संथ, पण भरवशाची

घरच्या जुन्या संगणकातील ५०० जीबीच्या हार्ड डिस्कवर विंडोजची अंगभूत डीफ्रॅगमेंट सुविधा रात्री दहाला सुरू केली, आणि सकाळी चहा घेऊन बसलो तेव्हाही ती तिसऱ्या फेरीत १२ टक्क्यांवर रेंगाळत होती. दोष तिचा नव्हता. फायलींचे विखुरलेले तुकडे सलग मांडायचे, तर मांडामांडीसाठी मोकळी जागा लागते. ती साधारण १५ टक्के तरी असावी, आणि माझ्याकडे लग्नाच्या व्हिडिओंच्या कृपेने जेमतेम ४ टक्के उरली होती. व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर हलवले, ‘चेकडिस्क’ चालवून फाइल व्यवस्थेतील चुका दुरुस्त केल्या, अँटिव्हायरसचे स्कॅन तेवढ्यापुरते थांबवले, आणि तेच काम साडेतीन तासांत उरकले. टक्केवारी दर फेरीत नव्याने सुरू होते आणि उरलेला वेळ दिसत नाही, त्यामुळे पडद्याकडे टक लावून बसण्यात अर्थ नाही. एवढे करूनही काम अडत असेल आणि डिस्कमधून टकटक ऐकू येत असेल, तर डीफ्रॅगमेंटचा नाद सोडून आधी बॅकअप घ्यावा. एसएसडीला, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर माहिती साठवणाऱ्या डिस्कला, मात्र या खटाटोपाची गरजच नसते; तिथे हीच सुविधा ‘ट्रिम’चा (कोणती जागा आता वापरात नाही हे डिस्कला कळवणारा) आदेश देऊन काही क्षणांत मोकळी होते.