स्कॉटिश संसदेची प्रश्नोत्तरं: गुरुवारची जुगलबंदी सोडा, लेखी उत्तरं वाचा

गुरुवारी दुपारी बारा वाजता एडिनबर्गच्या हॉलीरूड सभागृहात फर्स्ट मिनिस्टरना, म्हणजे स्कॉटलंडच्या सरकारप्रमुखांना, आमदार प्रश्न विचारतात. पाऊण तासाचा कार्यक्रम, संसदेच्या वाहिनीवर थेट प्रक्षेपण, प्रेक्षक सज्जाचं तिकीट फुकट. बघायला मजा येते, हाती फारसं लागत नाही. विरोधी नेता रुग्णालयांच्या प्रतीक्षायादीवर बोट ठेवतो, सरकार लंडनच्या ब्रिटिश सरकारकडे बोट दाखवतं. उत्तर मुद्द्याला धरून होतं की नाही, हे ठरवणं तिथे अध्यक्षांच्या अखत्यारीत येत नाही.

खरा माल संसदेच्या संकेतस्थळावर, आमदारांनी सरकारला विचारलेल्या लेखी प्रश्नांत आहे. शोधखिडकीत शब्द टाका, आमदार किंवा तारखा निवडा, प्रश्न समोर येतो. २०२१ साली सुरू झालेल्या सहाव्या कार्यकाळातल्या लेखी प्रश्नांचे क्रमांक ‘एस६डब्ल्यू’ने सुरू होतात. प्रश्न, मंत्र्याचं नाव, उत्तराची तारीख आणि मजकूर एकाच पानावर. उत्तर आलं नसेल तर अपेक्षित तारीख दिसते. नियमाने कामकाजाचे १० दिवस, मोठ्या सुट्टीत २०. उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर टाकलेला प्रश्न म्हणूनच रेंगाळतो.

आता खोट. ‘सदस्यांनी अमुक क्रमांकाच्या प्रश्नाचं उत्तर पाहावं’ असं उत्तर वारंवार येतं. मग तो क्रमांक शोधायचा, आणि तिथेही कधीकधी तिसराच क्रमांक निघतो. दुसरं ठरलेलं उत्तर: ‘ही माहिती मध्यवर्ती स्वरूपात ठेवली जात नाही.’ म्हणजे आकडे आरोग्य मंडळांकडे किंवा स्थानिक कौन्सिलांकडे पडून असतात. अशा वेळी पुन्हा सरकारला विचारण्यात अर्थ नाही. स्कॉटलंडच्या २००२ च्या माहिती अधिकार कायद्याखाली थेट त्या मंडळाकडे अर्ज करावा, त्यालाही कामकाजाचे २० दिवस. आमदाराची गरज नाही. सरकारने स्वतःच पेरलेले प्रश्नही असतात, आपल्याला सोयीची घोषणा करायला. त्यांच्यावर तशी खूण असते. ती पाहूनच उत्तर वाचावं, नाहीतर विरोधकांच्या दबावाने माहिती बाहेर आली असं वाटतं.

तिथे राहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना आणि नोकरदारांना ही सोय उपयोगी आहे, कारण कायदेशीर वास्तव्य असलेल्या १६ वर्षांवरील परदेशी नागरिकांनाही या संसदेसाठी मतदान करता येतं. प्रत्येकाचे आठ आमदार: मतदारसंघाचा एक, विभागाचे सात. यांपैकी कुणालाही पत्र लिहून प्रश्न टाकायला सांगता येतं. सत्ताधारी आमदार कचरत असेल तर विभागाच्या सातांतला विरोधी आमदार गाठा. पत्रात मतप्रदर्शन नको. प्रश्न ‘स्कॉटिश सरकारला विचारण्यात यावं की’ अशाच धाटणीने सुरू होतो. तो आटोपशीर आणि स्पष्ट हवा, त्यात शेरेबाजी असेल तर स्वीकारला जात नाही. ‘भाडी का भडकली?’पेक्षा ‘विद्यार्थी वसतिगृहांच्या भाड्याबाबत २०२२ पासून विद्यापीठांशी कोणत्या तारखांना बैठका झाल्या?’ हा प्रश्न बरा, कारण त्याला टोलवून लावणं अवघड.

विषय मात्र एडिनबर्गच्या हातातला हवा. घरं, शाळा, आरोग्यसेवा, पोलीस चालतील. व्हिसा आणि त्यासोबत भरावा लागणारा आरोग्य अधिभार हे १९९८ च्या स्कॉटलंड कायद्याने लंडनकडे राखलेले विषय. त्यासाठी वेस्टमिन्स्टरचा, म्हणजे लंडनच्या ब्रिटिश संसदेतला, खासदारच गाठावा लागतो.