इन्स्टाग्राम की व्हॉट्सअॅप बिझनेस? कारागिराने वेळ कुठे घालवावा

मातीची भांडी घडवणाऱ्या एका मैत्रिणीचा प्रश्न: हात दिवसभर चिखलात, दोन्ही अॅप सांभाळणं जमत नाही, एकच निवडायचं तर कुठलं?

पैशांचं आधी उरकू. खातं उघडायला दोन्ही फुकट. (पुढे व्हॉट्सअॅप म्हणजे धंद्यासाठीचं वेगळं अॅप, व्हॉट्सअॅप बिझनेस.)

खरा फरक नवा माणूस सापडण्यात आहे. इन्स्टाग्रामवर तुम्हाला न ओळखणाऱ्यालाही रील दिसू शकते. चाकावर मातीचा गोळा उभा राहताना लोक थांबून बघतात. तयार भांड्याच्या फोटोपुढून सरकतात. व्हॉट्सअॅपवर अनोळखी माणूस असा आपोआप येत नाही. ब्रॉडकास्टच्या, म्हणजे एकच निरोप अनेकांना एकदम पाठवण्याच्या, एका यादीत 256 जण बसतात, तेही त्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला असेल तरच निरोप पोचतो.

मेहनत मात्र इन्स्टाग्राम जास्त मागतं. चित्रीकरण, कापाकापी, शिवाय सातत्य. (लाइक म्हणजे ऑर्डर नव्हे, हे कळायला मलाही वेळ लागला.) व्हॉट्सअॅपच्या कॅटलॉगमध्ये 500 वस्तूंपर्यंत फोटो आणि किंमत एकदा भरली की तेच तेच सांगावं लागत नाही. माप, रंग, मुदत तिथल्याच गप्पांत ठरतं. हं, रात्री अकरालाही मेसेज येतात. कामाच्या वेळेबाहेरचं आपोआप जाणारं उत्तर लावून ठेवा.

ओळखीचे गिऱ्हाईक असतील, मागणीनुसार काम करत असाल, तर व्हॉट्सअॅप पुरे. नव्याने सुरुवात आहे आणि घडवण्याची प्रक्रिया बघण्यासारखी आहे, तर इन्स्टाग्राम. मैत्रिणीकडे जुनी गिऱ्हाइकं भरपूर आहेत, तिला मी व्हॉट्सअॅपच सांगितलं.