वॅक्ससाठी रोटरी घ्यावं की डीए? पहिल्यांदाच मशीन धरणाऱ्यांसाठी

गाडीला हाताने वॅक्स लावून खांदे भरून आले की माणूस मशीनकडे वळतो. आणि दुकानात गेला की अडतो: पॉलिशिंग मशीन रोटरी घ्यावं की डीए, म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन? दोन्ही वापरून मी एकावर स्थिरावलोय, तेव्हा पुढचं वाचताना तेवढं लक्षात असू द्या.

रोटरी तसं स्वस्त पडतं. शिवाय ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून दुपारपुरतं मागून आणता येतं, हा त्याचा मोठा फायदा. उन्हात उभी राहून फिक्या पडलेल्या गाडीला रबिंग करायचं असेल, तर सरावलेल्या हातात त्याला तोड नाही. पण ते रबिंगचं काम झालं. वॅक्समध्ये काही घासून काढायचं नसतं, पातळ थर तेवढा बसवायचा असतो. त्याला इतकी ताकद लागतच नाही. रोटरीचा पॅड एकाच जागी गरगर फिरतो, कितीही दाबा, थांबत नाही. हात रेंगाळला की तिथला रंग तापतो, आणि बोनेटच्या कडेला तर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, जळायलाही वेळ लागत नाही. डीएचा पॅड फिरता फिरता डोलतो, जोर जास्त झाला तर फिरणं सोडून नुसता थरथरत राहतो. नवख्या हाताला हे बरं.

माझा निर्णय मात्र यावर झाला नाही. तो झाला काळ्या प्लास्टिकवरच्या पांढऱ्या ठिपक्यांवर. रोटरीवर वॅक्स जरासं जास्त झालं की चहूकडे उडतं. वायपरखालच्या जाळीत, आरशाच्या बुडाशी, दाराच्या फटीत, चाकांवरच्या काळ्या पट्टीवर. हल्लीच्या एसयूव्हींना तर ही पट्टी चारी बाजूंनी असते. आपल्या सोलापूरच्या कोरड्या हवेत ते ठिपके बघता बघता चुन्यासारखे वाळतात. रंगावरचे पुसून जातात, प्लास्टिकच्या दाणेदार खाचांत शिरलेले जात नाहीत. मग जुना टूथब्रश, साबणाचं पाणी आणि तोंडात शिव्या. त्यात नळाला पाणी रोज कुठे येतंय आपल्याकडे! जाणकार म्हणतात, आधी मास्किंग टेप लावा. बरोबरच आहे त्यांचं, पण गाडीभर टेप चिकटवत बसायचं तर तेवढ्या वेळात हातानेच निम्मी गाडी होते.

डीएनेही उडतं, नाही असं नाही. पण पॅड पत्र्याला टेकवून मगच बटण दाबलं आणि वेग कमी ठेवला, तर मला तरी टूथब्रश शोधावा लागलेला नाही. उणं काय, तर किंमत जास्त, आणि थरथरीने हाताला मुंग्या येतात. हँडलभोवती आणि कोपऱ्यांत शेवटी बोटंच चालवावी लागतात. छोटी हॅचबॅक असेल आणि वर्षातून एखाद-दुसऱ्यांदाच वॅक्स करणार असाल, तर दोन्ही मशीन राहू द्या, हाताने करा.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना कुठलंही मशीन काढू नका. ऊन उतरू द्या, पत्रा हाताला गार लागू द्या, मगच सुरू करा. आधी गाडी नीट धुवा. पॅडखाली धूळ राहिली तर वॅक्सबरोबर बारीक ओरखड्यांची जाळीही उठते, आणि आपल्याकडे धुळीला तोटा नाही.

डीए घेतलंत तर पॅड मऊ फोमचा बघा. डायल एक-दोनवर, वॅक्स वाटाण्याएवढे तीन-चार थेंब, एका वेळी दोन बाय दोन फुटांचा तुकडा. उतरवायला मायक्रोफायबरच घ्या. सोलापुरी टेरी टॉवेलला जीआय मानांकन आहे, अभिमानच आहे त्याचा, पण त्याची शिवलेली किनार वॅक्स केलेल्या रंगावर फिरवायला माझं काही मन होत नाही.