टू-फोर-डी अमाइन ५८ टक्के: लॉन आणि कुरणासाठी घ्यावं का?

‘गवत राहू दे, रुंद पानांचं तण जाऊ दे’ असं कृषी सेवा केंद्रात सांगितलं की बहुतेक वेळा टू-फोर-डी हे तणनाशकच पुढे येतं. ते मुख्यतः तीन रूपांत मिळतं: सोडियम सॉल्ट ८० टक्के भुकटी, इथाइल एस्टर ३८ टक्के आणि अमाइन सॉल्ट ५८ टक्के एसएल (पाण्यात विरघळणारं द्रव). लॉन किंवा कुरणावर मारायचं तर अमाइनच घ्या. एस्टरची वाफ उन्हात उडते आणि शेजारच्या कपाशीवर जाते. मग कपाशीची पानं भेंडीसारखी चिरलेली निघतात. द्राक्ष, टोमॅटोही तितकेच नाजूक. अमाइनची वाफ फारच कमी, पण फवाऱ्याचे बारीक थेंब वाऱ्याबरोबर तेवढेच लांब जातात.

गाजर गवत जमिनीलगत पसरलेलं असताना, फुलं यायच्या आत मारलं तर पैसे वसूल. दोन दिवसांत शेंडे पिळवटतात, दोन-तीन आठवड्यांत झाड मरतं. फुलोऱ्यावर मारलं तर झाड वाकडंतिकडं होतं, पण बी धरतंच. तरोटा, माठ कोवळे असताना सहज जातात. लव्हाळ्यावर मात्र हे मारू नका, वरचं पान करपतं आणि गाठी जिवंत राहतात. त्याचं औषध हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल. हराळीचं लॉन टू-फोर-डी सोसतं, सेंट ऑगस्टीन जातीचं लॉन सोसत नाही. कुरणात लसूणघास किंवा बरसीम मिसळलेलं असेल तर बाटली उघडूच नका. नव्याने लावलेलं लॉन दोन-तीनदा कापून झाल्यावरच फवारा.

मात्रा: हेक्टरी १ किलो सक्रिय घटक (औषधातला प्रत्यक्ष तण मारणारा भाग) म्हणजे साधारण १.७ लिटर औषध, गुंठ्याला १७ मिली. हेक्टरी ५०० लिटर पाणी धरलं तर १५ लिटरच्या पंपात ५० मिली, आणि तेवढ्यात तीन गुंठे. कोवळ्या तणाला निम्म्यातही भागतं. माहितीपत्रकात तुमचा वापर छापलेला आहे का ते आधी पाहा. आकडा वेगळा असेल तर पत्रकाचाच खरा. पहिल्यांदा पंपात नुसतं पाणी भरून एक गुंठा फवारा आणि किती लागलं ते मोजा. ‘एक झाकण जास्तच घाल’ हा सल्ला उलटा पडतो: पान झटकन करपतं, औषध मुळापर्यंत उतरत नाही आणि तण पुन्हा फुटतं. बोअरचं जड पाणी असेल तर अमाइन कमी चालतं, म्हणून शक्यतो मऊ पाणी वापरा.

नोझल फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट, दाब कमी. कीटकनाशकाच्या कोन नोझलने धुकं होतं, तेच शेजाऱ्याच्या टोमॅटोवर बसतं. सकाळी मंद वारा असताना, तापमान ३० अंशांच्या आत, पुढचे सहा ते आठ तास पाऊस नसेल अशी वेळ निवडा. हवा अगदी स्तब्ध असेल तर तीही नको. थेंब तरंगत राहतात. फवारणीच्या दोन-तीन दिवस आधी आणि नंतर लॉन कापू नका, आणि पहिल्या दोन-तीन कापण्यांचं गवत भाजीच्या वाफ्यात पसरू नका.

बाटलीवरचा रंगीत त्रिकोण पाहून धोक्याचा अंदाज घेण्यात एक चूक होते: तो रंग पोटात किंवा कातडीवाटे गेल्यास औषध किती विषारी ते सांगतो, डोळ्याचं नाही. या औषधाचा सगळ्यात मोठा धोका डोळ्याला आहे. अमाइनचा शिंतोडा डोळ्याला गंभीर इजा करतो. म्हणून मास्कआधी बंद गॉगल आणि नायट्राइलचे हातमोजे, विशेषतः मोजून ओतताना. डोळ्यात गेलंच तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार लावून लगेच दवाखाना.

कुरणातली गुरं फवारणीनंतर बाहेर ठेवा. सुकायला लागलेलं तण त्यांना चवदार लागतं, एरवी तोंड न लावलेलं विषारी झुडूपही खातात. पत्रकातली मुदत संपली तरी तण पूर्ण वाळेपर्यंत थांबा.

पंप तणनाशकासाठी वेगळाच असावा. तो नसेल तर तीनदा धुऊन, धुण्याच्या सोड्याचं पाणी भरून रात्रभर ठेवा आणि ते पाणी नळी, नोझलमधूनही काढा. वॉशर आणि रबरी नळीत औषध मुरतं. तोच पंप मिरचीवर गेला की पानं आठवडाभरात वळतात.